अडीचचा कॉल

शुद्धलेखनात चुका निघतील, त्या वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे मोठे शब्द जवळ नाहीत. पण गोष्ट भटूची आहे आणि भटूही फार बोलणाऱ्यांतला नाही. साधे शब्द तिला पुरतील असं वाटतं.

१

भटू चाळीसगावच्या इंजिन शेडमध्ये फायरमन होता. धुळ्याच्या गाडीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम. सत्त्याऐंशीच्या एप्रिलात एके दिवशी जामद्याच्या पुढे भट्टीसमोर उभ्याउभ्या त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चालत्या इंजिनातून तो खालीच जायचा, पण ड्रायव्हर रुपचंदनानांनी मागून कॉलर धरली आणि धुळं येईपर्यंत सोडली नाही.

चाळीसगावला रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात पुढे करायला लावले. हात वाऱ्यावरच्या पानासारखे हलत होते.

"औषध काही नाही," डॉक्टर म्हणाले. "दहा दिवस आराम. पडून राहायचं, दुपारची झोप काढायची. दहा दिवसांनी हात असेच थरथरले तर मी तुला इंजिनावर चढू देणार नाही."

इंजिनावर चढू दिलं नाही तर काय करायचं, हे भटूला विचारायचं होतं.  पण मान हलवून तो बाहेर आला.

बाहेर नाना उभे होते. "झोप म्हणजे भाकर समज, भो," ते म्हणाले. "पोटभर खा आणि ये."

नानांना सांगणं सोपं होतं. पण इंजिनावरच्या माणसाची झोप त्याच्या एकट्याची नसते. कॉलमन येतो आणि उठवून नेतो. कॉलमन म्हणजे गाडीवर जाणाऱ्यांना घरी जाऊन बोलावणारा माणूस. चाळीसगावला हे काम नथ्थूआबाकडे होतं. त्याने दाराची कडी तीनदा वाजवायची, नाव घ्यायचं, आणि खिडकीच्या गजांतून कॉलचं पुस्तक आत सरकवायचं. पुस्तकाला दोऱ्याने जांभळी कॉपी-पेन्सिल बांधलेली. तिचं टोक ओठाला लावून ओलं करायचं आणि नावापुढे सही ठोकायची. सही झाली की दोन तासांनी इंजिनावर हजर. मग अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, सही केलेला माणूस बांधला गेला.

रेल्वेच्या चाळीत भटू खिडकीला लागूनच खाट टाकायचा. डावा हात लांबवून पुस्तक छातीवर ओढायचा, डोळे न उघडता सही करायचा, पुस्तक परत द्यायचा आणि उरलेली झोप अंगावर ओढून घ्यायचा. चाळीतल्या बायका तर नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून स्वतःच सही करून देत. नियमात ते बसत नव्हतं, पण नथ्थूआबा पाहून न पाहिल्यासारखं करायचा. भटूची थोरली बहीण कमलबाई मागच्या साली दोन महिने त्याच्याकडे राहिली होती, तेव्हा तीही हे शिकली.

आरामासाठी भटू तिच्याच गावी गेला.

२

कमलबाईचं गाव धुळ्याच्या अलीकडे, बोरीच्या काठी. एस.टी. दिवसातून दोनदा. रेल्वेचा रूळ बघायचा तर चार कोस चालावं लागे. इंजिनाची शिट्टीसुद्धा इथवर पोचत नसे.

घर धाब्याचं. वर मातीचं सपाट छत, आणि भिंती अशा जाड की वैशाखातलं ऊन बाहेरच दमून बसावं. मधल्या खोलीत दुपारीही दिवेलागणीसारखा अंधार असायचा. कमलबाईने तिथे खाट टाकली, वर गोधडी घातली, खाली जमिनीवर पाणी शिंपडलं.

"आते उठू नको," ती म्हणाली. "चार वाजता चहा देसू."

भिंतीकडे डावी कूस करून भटू पडला. त्याला रात्रीची झोप येतच नसे. पाळ्या करून करून ती अंगातून गेली होती. पण इथे दुपारी डोळे मिटताच झोप आली. विहिरीत बादली सोडावी तसा तो खाली खाली गेला.

कधीतरी कडी तीनदा वाजली.

"भटू फायरमन. कॉल."

त्याने डावा हात लांबवला. पुस्तक छातीवर ओढलं, पेन्सिल ओठाला लावली, सही केली, पुस्तक परत दिलं. पुन्हा झोपला.

सहा वाजता उठला तेव्हा ओसरीत कमलबाई चुलीशी होती. त्याच्याकडे बघून ती हसली.

"भाऊ, ओठले काय लागनं रे तुना? जांभुळं खादात का?"

"आते कोठली जांभुळं, अक्का? अजून मिरग बी नही लागना."

त्याने ओठावरून बोट फिरवलं. बोट जांभळं झालं.

चहा तसाच ठेवून तो आत गेला. खाटेच्या डाव्या हाताला भिंत होती. दीड हात जाड, शेणामातीने सारवलेली, कुठे एक भोक नाही. त्या खोलीला एकच दार होतं, ते समोर, पायांच्या बाजूला. खिडकी नव्हतीच.

३

माणसाचं मन शहाणं असतं. भटूने स्वतःची समजूत काढली. सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा राहिला असेल, झोपेत सवयीने ओठाला लागला असेल. खिसा पाहिला. तुकडा नव्हता. मग पडला असेल कुठेतरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कडी वाजली. तिसऱ्या दिवशीही. दोन्ही वेळा त्याने सही केली. सही करताना ते वावगं आहे असं वाटायचंच नाही. हात आपलं काम करायचा आणि मन झोपलेलं राहायचं. भीती उठल्यावर यायची.

आणि उठल्यावर अंग मोडून यायचं. खांदे भरून आलेले, कमरेत चमक, जणू दोन तास कोळसा ओढला. तिसऱ्या दिवशी नाक शिंकरलं तर रुमालावर काळं आलं. त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि हात पुढे करून पाहिले. डॉक्टरांपुढे हलले त्याहून जास्त हलत होते.

कमलबाईचा नवरा मगन शेतावरून आला, त्याने हे पाहिलं. मगन थट्टेखोर माणूस.

"काय भटूशेठ, झोपीझोपी दमी गयात का?" तो म्हणाला. "आमना बैल बी इतला झोपत नही. पन झोपा, तुमले डागतरनी लिखी देयेल शे."

"त्यासनं मनावर घेऊ नको," कमलबाई म्हणाली. "तू झोप, भाऊ. सात दिवस शेतस आखो."

तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. शब्द भटूच्या ओठांपर्यंत आले होते. पण काय सांगणार? भिंतीतून माणूस पुस्तक देतो म्हणून? मगन महिनाभर हसला असता, आणि अक्काने भावाच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून डोळ्यांना पदर लावला असता. भटू गप्प बसला. हे त्याचं गप्प बसणं पुढे त्याला फार टोचलं.

४

चौथ्या दिवशी त्याने झोपायचंच नाही असं ठरवलं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला. बाहेर ओसरीत कमलबाई शेंगा फोडत होती. टर्फलाचा टक टक आवाज येत होता. मगनचं घड्याळ त्याने मागून घेतलं होतं.

अडीचला टर्फलांचा आवाज थांबला. कमलबाई पाणी प्यायला उठली असावी. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. उन्हाची लू वाहायची तीही थांबली.

कडी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

दाराची कडी त्याला उजव्या बाजूला दिसत होती, कोयंड्यात अडकवलेली, आणि ती हलली नव्हती. आवाज भिंतीतून आला होता. भिंतीच्या पलीकडून नव्हे, आतून. पोटातून आवाज यावा तसा.

"भटू फायरमन. कॉल."

आवाज नथ्थूआबाचा होता, आणि नव्हता. नथ्थूआबा नेहमी नावानंतर खोकायचा. हा खोकला नाही. वाट बघत राहिला.

भटूने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण डावा हात आपोआप उठत होता. कागद उलटल्याचा आवाज आला. एक पान. दुसरं पान. कुणीतरी त्याचं नाव पुन्हा शोधत असावं.

"भटू फायरमन. कॉल."

त्याने मांड्यांखालचे हात आणखी दाबले. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाहेर टक टक सुरू झालं आणि लू पुन्हा दारावर आपटू लागली.

त्या दिवशी सही झाली नाही, आणि खांदेही भरून आले नाहीत. पण झोपही झाली नाही. पाचव्या दिवशीही तो तसाच बसून राहिला. झोपलं तर काम आणि जागलं तर जागरण. आराम दोन्हीकडे नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी ओसरीतून उठताना त्याचा तोल गेला आणि तो खांबाला धरून उभा राहिला.

कमलबाईने ते पाहिलं.

५

"दुपारले माले झोपू देऊ नको, अक्का," जेवताना तो तिला म्हणाला. "डोळा लागना तं हलवी दे."

"का रे?"

"असंच."

 कळण्याची भाकर आणि दोन वाट्या ताक तिने त्याला आग्रहाने वाढलं. मगन सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेला होता, संध्याकाळी येणार होता. जेवण होताच भटू ओसरीतच खांबाला टेकून बसला. खोलीत गेलाच नाही. बहीण पलीकडे हातात पंखा घेऊन बसली होती. पंख्याचा वारा गार होता. दोन दिवसांची झोप पापण्यांवर धोंड्यासारखी बसली होती.

जागा झाला तेव्हा खांबाची सावली सरकली होती. अंग हलकं होतं. खांदे दुखत नव्हते. ओठाला बोट लावून पाहिलं, बोट कोरडं आणि स्वच्छ. कितीतरी दिवसांनी त्याला खरी झोप लागली होती. त्याला हसू आलं.

"झोपना ना?" कमलबाई कौतुकाने म्हणाली. "मी उठाडं नही. तुना चेहरा कसा व्हई गयता, देखास का तू? डागतरनी झोप सांगेल शे ना."

"बरं कयं, अक्का."

"मझार घरमा कॉल उना व्हता. मी म्हनं, याची झोप मोडाले नको. मीच सही करी दिधी."

भटूचं हसू तोंडावरच राहिलं.

"कोठे?"

"पुस्तकमा. आखो कोठे?"

"पुस्तक कोठून दिधं त्यानी?"

"खिडकीमाईन," ती म्हणाली. वळून तिने उघड्या दारातून मधल्या खोलीकडे हात केला.

तिचा हात तसाच वर राहिला. या घरात ती नऊ वर्षं नांदत होती. दर दिवाळीला ती भिंत स्वतःच्या हाताने सारवत होती. तिने हात खाली घेतला, आणि भटूने पाहिलं, तिच्या खालच्या ओठावर जांभळा ठिपका होता.

"सही कोनी कयी? मना नावनी का तुना?"

"नाव तुनं व्हतं. सही..." ती थांबली. तिसरीपर्यंत शिकलेली बाई, तिला एकच सही येत होती. "मी कमल लिखं."

मगनचं घड्याळ भटूच्या हाताला होतं. चारला दहा कमी होते. कॉल अडीचचा. साडेचारला हजर.

६

मग त्याने तिला सगळं सांगितलं. इतकं एका दमात तो जन्मात बोलला नव्हता. ती हसली नाही. पदराने ओठ पुसत राहिली. ठिपका पसरला, गेला नाही.

"चाल, घरमा नको," भटू म्हणाला. तिचा हात धरून तो तिला चौकातल्या निंबाखाली घेऊन आला. पारावर दोघं बसली. ऊन असं की समोरची गल्ली पाण्यासारखी हलत होती.

"बोलत ऱ्हाय, अक्का. काही बी बोल."

"काय बोलू? कांदाना बी काढाना शे. त्यासले म्हनं, बी घरनंच ठेवा, इकतनं नको. तं त्या म्हनतस..."

ती थांबली. घड्याळात साडेचार झाले होते. तिची मान हळूच खांद्यावर आली.

भटूने तिला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. ती झोपली होती, भर उन्हात, उघड्या पारावर. त्याने तिला उचललं आणि घरात आणून खाटेवर ठेवलं. दुसरी जागा नव्हती. बाहेर तिला ऊन लागलं असतं.

आधी तिचे खांदे हलले. मग श्वास बदलला. भटू तो श्वास ओळखत होता. वाक, भर, वळ, टाक, आणि टाकताना तोंडातून हुं. तिचे हात गोधडीवर निपचित पडले होते आणि श्वास मात्र कोळसा ओढत होता.

आणि तिच्या डाव्या गालावर उजेड पडला.

तांबूस उजेड. भट्टीचं दार उघडलं की पडतो तसा. भिंतीच्या अंगाने आला, गालावर राहिला, गेला. पुन्हा आला. भिंत काळीच होती. उजेड फक्त तिच्यावर पडत होता. आवाज कसलाच नव्हता. कपाळावरच्या केसांची एक बट भटूच्या डोळ्यांदेखत आखडली आणि केस जळल्याचा वास आला.

उजेड फार वेळ राहत होता. भटूच्या हे ध्यानात आलं आणि त्याची भीती दुप्पट झाली. भट्टीचं दार इतका वेळ उघडं ठेवायचं नसतं. कोळसा टाकला की लगेच बंद. तिला हे कोण शिकवणार? घामाने तिचं लुगडं भिजलं होतं.

तो तिच्या कानाशी वाकला.

"अक्का, पाय रोव. फावडं अर्धंच भर. फेकू नको, सोड. आते दार लाव. लाव दार."

उजेड गेला. पुढच्या वेळी आला तो थोडाच वेळ.

"असंच. अर्धंच भर. लाव दार."

ती ऐकत होती. कुठून ऐकत होती, याचा विचार त्याने केला नाही. तो सांगत राहिला, ती टाकत राहिली. मग तिचा श्वास एकदम चुकला. डोकं एका बाजूला कलंडलं, ओठ पांढरे पडले. भटूला ही खूण ठाऊक होती. त्याने तिच्या पाठीखाली हात घालून पोलक्याचं कापड मुठीत धरलं.

मूठ ओढली गेली. खाटेवर निजलेल्या बाईचं वजन खाली असायला हवं. हे वजन भिंतीकडे जात होतं. त्याने गुडघा खाटेच्या बाजूला टेकवला आणि दोन्ही हातांनी तिला मागे धरून ठेवलं. सगळं जग हिसके देत धावत असल्यासारखे हिसके बसत होते. त्याच्या हातांना थरथरायला वेळ नव्हता.

सहा वाजता हिसके थांबले. कमलबाईने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

७

मगन आला तेव्हा तिने त्याला फोड दाखवले आणि तवा लागला म्हणून सांगितलं.

भटू विचार करत बसला. सही तिची असली तरी पुस्तकात नाव त्याचं होतं. कॉल नावाला येतो. आणि शेडमध्ये एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कामावर हजर असलेल्या माणसाला कॉल जात नाही. तो आराम करत होता म्हणून कॉल येत होता. आज त्याला खरी झोप लागली होती, आणि ती कुणाच्या तळहातांवर लागली होती ते त्याने पाहिलं होतं.

सकाळी पहिल्या एस.टी.साठी तो पिशवी घेऊन निघाला. कमलबाई पारापर्यंत आली. हाताला हळदीच्या चिंध्या बांधलेल्या.

"चार दिवस बाकी शेतस ना रे."

"आराम व्हई गया, अक्का."

तिने हाताची चिंधी घट्ट केली. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तठे तो दुसरा कोन व्हता?"

"कोन?"

"त्या बाजूले बठेल व्हता. बाहेर देखत. मी इतल्या हाका मारात, त्यानी एकदा बी तोंड फिरावं नही."

एस.टी. आली. भटूने तिच्या पायाला हात लावला आणि चढला.

नऊला तो चाळीसगावला पोचला आणि थेट दवाखान्यात गेला. हात पुढे केले. हात हलले नाहीत.

"झाला आराम?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाला."

"बघ, नुसत्या झोपेने काम झालं. चार दिवस उरलेत, घे अजून."

"नको साहेब. कामावर लावा."

चिठ्ठी घेऊन तो शेडमध्ये गेला. फोरमन म्हणाला, बरं झालं आलास, दुपारच्या गाडीचं इंजिन तयार करायचं आहे, रुपचंदनाना मघाच वर गेलेत.

भटू इंजिनावर चढला. ड्रायव्हरच्या जागेवर एक माणूस बसला होता, डोक्याला रुमाल, पाठ इकडे, बाहेर बघत.

"नाना," भटू म्हणाला. "मी आलो."

माणूस वळला नाही. बाहेर कुठेतरी वाफ सुटत होती. ऐकू गेलं नसेल. भटू पुन्हा हाक मारणार होता. तोंड उघडलं, आणि मिटलं. खाली उतरायच्या पायऱ्या मागे दोन पावलांवर होत्या. उतरलं तर नाव हजेरीतून निघालं असतं, आणि जिथे कमलची सही पडली होती त्या बोरीकाठच्या घरात अडीचला कडी वाजली असती.

बसलेल्या माणसाने मान न वळवता हाताने भट्टीकडे खूण केली.

भटूने फावडं उचललं. पाय रोवले. दार उघडलं. तांबूस उजेड त्याच्या तोंडावर आला, त्याच्या एकट्याच्या. त्याने अर्धं फावडं कोळसा आत सोडला आणि दार लगेच लावून घेतलं.